मधल्या भिंतीतला आवाज

"त्या मास्तराले मी आज उखळासकट रस्त्यावर काढतो!" दादाराव ओरडले.

ओरडणं भागच होतं. ते इंजिनघराच्या दारात उभे होते आणि माझ्या मागं दोन मोठी डिझेल इंजिनं चालू होती. मी हात पुसले आणि त्यांना बाहेर सरकीच्या ढिगापाशी नेलं. तिथंही धडधड होतीच, पण निदान माणसाचं बोलणं कळत होतं.

"काय झालं, काका?"

"काय झालं म्हनते! दिवसभर भिंत ठोकून राह्यला तो. माझ्या घरातली भांडी नाचतात. कडी वाजते. मी विचारलं तर म्हनते, तुमीच ठोकता. आता सांग, मी काऊन माझीच भिंत ठोकीन?"

मी तेव्हा आदिलाबादला एका शेठजींच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये इंजिनिअर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. प्रेसिंग म्हणजे निघालेली रुई यंत्रात दाबून तिच्या गाठी बांधणं. वीज आमच्या कामाच्या उपयोगाची नव्हती, सगळं डिझेलवर चाले. जुनं इंजिन सरकी काढायची यंत्रं, म्हणजे जिनं, फिरवायचं. त्या हंगामात शेठजींनी त्याच बनावटीचं दुसरं इंजिन आणून शेजारी बसवलं होतं, ते प्रेससाठी. मी डिप्लोमा घेऊन नुकताच आलेला, आणि दोन इंजिनं हाताखाली असल्याचा मला फार अभिमान होता.

दादाराव माझ्या वडिलांचे दोस्त. कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांचं घर जिनिंगच्या मागच्या अंगाला, मधे एक मोकळं मैदान. घर दोघा भावांसाठी बांधलेलं. एकच छप्पर, एकच माळा, आणि बरोबर मधोमध एक जाड मातीची भिंत. एका बाजूला दादाराव आणि सरूकाकू, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ.

पण त्या सुमारास हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आमच्याच जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला आणि आम्ही राहिलो आंध्रात. धाकटा भाऊ राजुऱ्याच्या तहसिलीत होता, तो तिकडचाच झाला. त्यानं बिऱ्हाड हलवलं. रिकाम्या झालेल्या अर्ध्या घरात दादारावांनी भाडेकरू ठेवला. वरंगलहून बदलून आलेले तेलुगू शिक्षक, सूर्यनारायण मास्तर, त्यांची बायको अन्नपूर्णम्मा आणि त्यांचं तान्हं मूल.

सुरुवातीला बरं चाललं होतं. मग कापसाचा हंगाम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत भिंत वाजू लागली.

"मास्तर तर शाळेत असतात दिवसभर," मी म्हणालो.

"मंग त्याची बायको! उखळात कुटते ना काहीतरी. मुद्दाम भिंतीला लावून ठेवलं उखळ. मी आता ठाण्यात जातो. अमीनसाहेब ओळखीचे हायेत."

अमीन म्हणजे फौजदार. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण दादारावांच्या बोलण्यातून काही ते गेलं नव्हतं.

मी म्हणालो, "काका, एक दिवस थांबा. जेवायच्या सुट्टीत मी येऊन ऐकतो."

खरं सांगायचं तर मला गंमत वाटली होती. कुठं खडखड झाली की ती कुठून येते हे शोधणं हेच माझं काम. बेअरिंग कुरकुरतं का, पट्टा घसरतो का, नट ढिला आहे का. घरातली खडखड त्यापेक्षा सोपी असणार असं मी धरून चाललो.

दुपारी भोंगा झाला, इंजिनं थांबली, आणि मी मैदान ओलांडून दादारावांकडे गेलो. सरूकाकूंनी भाकरी वाढली. जेवलो, भिंतीला पाठ टेकून बसलो. भांडी गप्प, कडी गप्प, भिंत गप्प.

"पाह्य," सरूकाकू हळूच म्हणाल्या. "तू आला तं कशी बंद झाली."

मग मी दुसऱ्या बाजूला गेलो. सूर्यनारायण मास्तरही जेवायला घरी आले होते. चष्मा, पांढरं धोतर, बोलणं अगदी मऊ. पण रागानं त्यांचा आवाज कापत होता. ते आमच्याशी हिंदी-मराठी मिसळून बोलत.

"इंजिनिअर साब, हम लोग तेलुगू है, इसलिए निकालना चाहते. सीधा बोलो ना! मैं खाली करता. लेकिन छोटा बच्चा सोता है, तभी ठोकते. मी हेडमास्तरांना सांगितलं. वो बोले, कलेक्टर को लिखो. सरकारी नौकर होके भाषा के ऊपर झगडा करते!"

ते दिवस असे होते की कोण कोणत्या राज्यात, कुणाची बदली कुठं, याच्याच चर्चा चौकाचौकात. त्यात अशी तक्रार कलेक्टरकडे गेली असती तर दादारावांची नोकरी धोक्यात होती. आणि ठाण्याचा शिपाई दारात आला असता तर मास्तरांना गावात दुसरी खोली मिळणं कठीण होतं.

मी अन्नपूर्णम्मांना विचारलं, "हा आवाज कधी होत नाही?"

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी तेलुगूत विचारलं, त्यांनी तेलुगूत सांगितलं. मास्तर म्हणाले, "दुपारी जेवणाच्या वेळी नाही. रात्री नाही. बाजार के दिन नाही. बाजारच्या दिवशी ते लोक घरात नसतात ना, म्हणून!"

परत जाताना मी सरूकाकूंनाही तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशी नसते. ते बाजारले जातात ना, म्हनून."

दोघांचं उत्तर एक आणि आरोपीही पक्के. मी मात्र मैदानात मधेच थांबलो. जेवणाची सुट्टी, रात्र, बाजाराचा दिवस. त्या वेळी तर आमची जिनिंग बंद असते!

पण हा विचार मी तिथंच सोडून दिला. आमची इंजिनं सकाळी चालू झाली की जेवणाच्या भोंग्यापर्यंत सलग चालतात. घरातला आवाज मात्र मधूनमधून. थोडा वेळ वाजतो, बंद होतो, पुन्हा वाजतो. शिवाय जुनं इंजिन कित्येक वर्षं तिथंच होतं. त्यानं कधी कुणाच्या घरातलं फुलपात्र हलवलं नव्हतं. आणि हलायचंच असतं तर जिनिंगला लागून असलेली घरं आधी हलली असती. मैदानापलीकडचं हे एकच घर का?

रात्रभर डोक्यात तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिनं चालू करून दिली, गेज पाहिले आणि दहाच्या सुमारास करीमचाचांना म्हणालो, "चाचा, थोडी देर संभालो." करीमचाचा आमचे इंजिन ड्रायव्हर, जुने आणि भरवशाचे. शनिवार होता, मास्तरांची सकाळची शाळा लवकर सुटली होती. दादारावांनी तर भिंतीचा निकाल लावायला रजाच टाकली होती.

मी गेलो आणि दोन्ही घरांतल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. "कुणीही आत थांबायचं नाही. अन् सगळ्यांचे हात मला दिसले पाहिजेत."

दादाराव तुळशीपाशी, सरूकाकू ओट्यावर. समोर मास्तर, त्यांच्या शेजारी बाळाला कडेवर घेऊन अन्नपूर्णम्मा. मी दोन्ही घरांत फिरून आलो. मांजरसुद्धा नव्हतं. दोन्ही दारं ओढून घेतली आणि मधे उभा राहिलो.

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मैदानापलीकडून इंजिनांची धप्‌धप् येत होती. इकडं शांत.

मग आतून एक बारीक नाद आला. तांब्याच्या घागरीवर नखानं टिचकी मारावी तसा. मग दुसरा, तिसरा. मग फळीवरची सगळी भांडी एकदम किणकिणायला लागली. दाराची कडी टकटक करू लागली. आणि मग भिंत! धड, धड, धड. आतून कुणीतरी खांदा मारत असल्यासारखी. रिकाम्या, बंद घरातून.

मास्तर पांढरे पडले. "अय्यो," ते म्हणाले, "अंदर कोई नहीं है."

"आत कोन हाये?" दादाराव ओरडले. ओरडले, पण जागचे हलले नाहीत. सरूकाकू ओट्यावरून उठल्या आणि अन्नपूर्णम्मांपाशी गेल्या. दोघींनी एकमेकींचे हात गच्च धरले होते. महिन्याभरात दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मी दार ढकलून आत पळालो.

आत सगळं घर थरथरत होतं. मी दोन्ही तळवे मधल्या भिंतीवर टेकवले. भिंत हाताला ढकलत होती. ठरावीक तालात. एक, एक, एक. मग ढकलणं हळूहळू कमी झालं, भांडी गप्प झाली, आणि शेवटी हाताखाली नुसती थंड माती उरली.

पण तो ताल! तो मी ओळखत होतो. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायाच्या तळव्यांतून मी तोच ताल घेत होतो. तो माझ्या इंजिनाचा ताल होता.

मी बाहेर आलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हात वर करून त्यांना गप्प बसवलं आणि कान मैदानाकडे लावले. इंजिनघरात दोन्ही इंजिनांचा आवाज एकमेकांत मिसळून जातो. तिथं उभं राहून कधी कळलंच नसतं. पण इथून, इतक्या अंतरावरून, दोन्ही धुराड्यांचे आवाज वेगळे ऐकू येत होते. एकाचा जाड, एकाचा किंचित बारीक. धप्-ठप्. धप्-ठप्. एकाच्या मागे दुसरा.

ऐकता ऐकता बारीक आवाज जाड आवाजाच्या जवळ सरकायला लागला. दोघांमधली फट कमी होत चालली.

"आता येईल," मी म्हणालो.

"काय येईल?" दादाराव.

"आवाज. आता येईल बघा."

धप् आणि ठप् एकमेकांवर बसले. एकच ठोका झाला. आणि आत घागर वाजली.

सरूकाकूंनी तोंडावर हात ठेवला. भांडी, कडी, भिंत, सगळं पुन्हा सुरू झालं. मी धुराड्यांकडेच कान लावून होतो. ठोका फाटायला लागला, पुन्हा दोन झाले. "आता जाईल," मी म्हणालो, आणि तो गेला.

"वसंता! तुले कसं समजलं?" दादाराव म्हणाले.

मी पुन्हा एकदा सांगून दाखवलं. आला म्हटलं की यायचा, गेला म्हटलं की जायचा. मास्तर चष्मा काढून पुसायला लागले. मला तर नाचावंसं वाटत होतं!

मी त्यांना समजावलं ते असं. दोन बाया एकाच उखळात मुसळ घालतात. एकीचा हात दुसरीपेक्षा किंचित भरभर चालतो. बराच वेळ एकीचं वर, दुसरीचं खाली असं चालतं. पण भरभर चालणारी हळूहळू दुसरीला गाठते आणि मग काही घाव दोघींचे एकदम पडतात. तेवढ्यापुरती जमीन हादरते. मग ती पुढं निघून जाते, पुन्हा वर-खाली. आमची दोन इंजिनं एकाच बनावटीची, जवळजवळ एकाच वेगाची. जवळजवळ, पण अगदी एक नाही. त्यामुळे ती मधूनमधून एकत्र येत आणि पुन्हा फाकत. प्रेसवर गाठ दाबली जाताना वेगात थोडा फरक पडे, म्हणून ठरावीक वेळेलाच असंही नाही.

"पन आमचंच घर काऊन?" सरूकाकूंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटानं जरी ढकललं तरी तो मोठा होत जातो. लय चुकवून कितीही जोरात ढकला, नुसता डगमगतो. प्रत्येक बांधकामाला अशी आपली एक लय असते. आजूबाजूची घरं बुटकी, बिनमाळ्याची. या घराला जड लाकडी माळा, दोन्ही भावांच्या घरांवरून सलग गेलेला. त्याची लय आणि इंजिनाची लय जुळत होती. जमिनीतून आलेला बारीकसा धक्का पुरत होता.

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. दादारावांकडे न बघता म्हणाले, "मतलब, तुम्ही नाही."

"तुमी बी नाही," दादाराव तुळशीकडे बघत म्हणाले.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

भिंत जवळून पाहावी म्हणून मी मास्तरांच्या बाजूला आत गेलो. बाळाची झोळी माळ्याच्या तुळईला बांधलेली होती. तुळई म्हणजे माळ्याचा सगळा भार घेणारं आडवं लाकूड. तिचं एक टोक बाहेरच्या भिंतीत, दुसरं मधल्या भिंतीत. झोळीत बघितलं तर पांढऱ्या दुपट्यावर मातीचे बारीक कण पडलेले.

"हे रोज पडतं?"

अन्नपूर्णम्मांना प्रश्न कळला. त्यांनी मान हलवली आणि दुपटं झटकून दाखवलं. रोज झटकावं लागतं.

मी पेटीवर चढलो, खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरनं तुळईच्या टोकाशी गिलावा उकरला. गिलावा पोपडा धरूनच होता, हाताबरोबर खाली आला. तुळईचं टोक भिंतीत हातभर आत असायला हवं. ते जेमतेम दोन बोटं टेकलेलं होतं. टोकाखालची माती धक्क्याधक्क्यानं पीठ होऊन गळून गेली होती आणि तुळई सरकत सरकत बाहेर आली होती. वर माळ्यावर दादारावांच्या भावाची ज्वारीची पोती तशीच रचलेली.

पुढचा झटका कधीही येणार होता.

"बाहेर! सगळे बाहेर!" मी ओरडलो. "बाळाला आत आणू नका. काका, गोठ्यात पडलेला मोठा खांब आणा. मास्तर, तुम्ही धरा. तुळईच्या टोकाखाली उभा लावायचा. मी इंजिन बंद करून येतो."

"तू जाय!" दादाराव म्हणाले. ते धावत सुटलेच होते. मास्तरांनी धोतराचा काचा मारला.

मास्तरांची सायकल दाराशी होती, ती मी घेतली. मैदानात जागोजाग कापसाच्या गाड्या सोडलेल्या. बैलांच्या शिंगांमधून, जुवांवरून, गाडीवाल्यांच्या शिव्या खात मी सायकल दामटली. आणि सगळा वेळ कानात तेच. धप्-ठप्, धप्-ठप्. फट कमी होत होती. मला स्पष्ट ऐकू येत होती. मी ज्या दोन इंजिनांच्या आवाजावर इतका खूश होतो, त्यांचा तेव्हा मला असा राग आला की विचारू नका.

इंजिनघरात शिरताच मी ओरडलो, "चाचा, नया इंजिन बंद! अभी!"

"अभी? प्रेस में गाठ है. सेठजी का हुकुम..."

"मेरा हुकुम!"

करीमचाचांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि डिझेलचा कॉक बंद केला. पण एवढं मोठं इंजिन कॉक बंद केल्याबरोबर थांबत नाही. त्याचं चाक, फ्लायव्हील, स्वतःच्याच वजनानं फिरत राहतं. ते मंदावत, मंदावत थांबेपर्यंत मी ठोके मोजत होतो. मग प्रेसमधला गलका थांबला आणि दोन क्षणांत शेठजी दारात.

"इंजिनिअर! ये क्या चाललंय? स्टेशनवर वॅगन लागलेली आहे. आज गाठी नाही गेल्या तर वॅगन रिकामी जाईल."

"शेठजी, मागच्या घराचा माळा पडायला आलाय. आपल्या इंजिनामुळे."

"इंजिन इथं, घर तिथं. डोकं ठिकाणावर आहे का?"

"तुम्ही चला. स्वतः बघा. खोटं निघालं तर मला काढून टाका."

हे वाक्य मी जोशात बोलून गेलो. शेठजींनी टोपी घातली.

आम्ही पोचलो तेव्हा आतलं दृश्य असं होतं. गोठ्याचा खांब तुळईखाली उभा होता. तो वीतभर कमी पडला होता, म्हणून अन्नपूर्णम्मांचं दगडी उखळ पालथं घालून त्याच्यावर तो चढवला होता. एका बाजूनं दादारावांनी खांबाला खांदा दिला होता, दुसऱ्या बाजूनं मास्तरांनी. दोघंही घामानं निथळत होते.

"एक झटका आला होता," मास्तर म्हणाले. "थोडासा. फिर बंद हो गया."

"खांबानं पेलला," दादाराव म्हणाले. "पन माती पाह्य किती पडली."

दोघांच्याही केसांत, खांद्यावर माती होती. मी खांबाखाली पाचरी मारल्या, खांब पक्का केला. मग ते दोघं बाजूला झाले. शेठजींनी पेटीवर चढून तुळईचं टोक पाहिलं. बोट लावून पाहिलं. खाली उतरले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"पण हे जुनंही असू शकतं. इंजिनाचंच कशावरून?"

मी सरूकाकूंकडून परात मागितली, बाहेर ओट्यावर ठेवली आणि तिच्यात मूठभर ज्वारीचे दाणे पसरले. घर पूर्ण रिकामं केलं. गाडीवाल्याच्या हाती करीमचाचांना निरोप धाडला, नवं इंजिन थोडाच वेळ चालू करा, मग बंद. शेठजींना म्हणालो, "दोन आवाज ऐका. ते एक झाले की परातीकडे बघा."

शेठजी जन्मभर इंजिनांच्या आवाजात राहिलेले. त्यांना दोन्ही धुराडी मिनिटभरात वेगळी ऐकू यायला लागली. फट कमी झाली. ठोका एक झाला. परातीतले दाणे टपटप उड्या मारायला लागले, एकमेकांवर चढायला लागले.

शेठजी परातीवर वाकून बघत राहिले. ठोका फाटला, दाणे बसले.

"बंद करा," ते म्हणाले. "आणि उपाय काय ते बोला. वॅगनचं मी बघतो."

उपाय मी सायकलवरून येतानाच ठरवला होता. दोन इंजिनांचे वेग एकमेकांपासून लांब न्यायचे. नवं इंजिन बरंच हळू चालवायचं. पण मग प्रेसही हळू चालणार, ते शेठजींना परवडणार नाही. म्हणून इंजिनाच्या दांड्यावरची पुली मोठी बसवायची. पुली म्हणजे पट्ट्याचं चाक. मोठं चाक हळू फिरलं तरी पट्टा तेवढाच पळवतं. इंजिन हळू, प्रेस पूर्वीइतकीच जलद. इंजिन हळू झालं की त्याची लय माळ्याच्या लयीशी जुळणार नाही आणि जुन्याशी गाठ पडली तरी ती टिकणार नाही. पुली तयार होईपर्यंत सकाळी नुसती जिनं चालवायची, दुपारी नुसती प्रेस.

"हंगामात अर्धा दिवस बंद?" शेठजी म्हणाले. मग त्यांनी अन्नपूर्णम्मांच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याच संध्याकाळी त्यांनी सुतार पाठवला. नव्या तुळईचं सागवान त्यांच्याच गोदामातून आलं.

पुली आमच्या भंगारात मिळाली. छिद्र मोठं होतं, म्हणून आत एक लोखंडी कडं कातून बसवलं. काम संपलं त्या दिवशी मी दोन्ही इंजिनं चालू केली, टॅकोमीटर लावून वेग मोजले आणि मैदान ओलांडून गेलो. अंगणात सगळे जमले होते. शेठजीसुद्धा. आम्ही कान देऊन उभे राहिलो. आवाजांची आता नुसती धावपळ ऐकू येत होती. ते एकमेकांना ओलांडून झटकन पुढं जात. आत एक भांडं वाजलं नाही. बराच वेळ झाला तरी कुणी हलेना. शेवटी बाळ रडायला लागलं आणि सगळे हसले.

दादारावांनी मास्तरांची माफी मागितली का? मागितली नाही. मास्तरांनीही नाही. पण त्या सुमारास कचेरीत तेलुगूतले कागद यायला लागले होते आणि दादारावांना त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. काही दिवसांनी मी गेलो तर दोघं ओट्यावर बसलेले. दादाराव पाटीवर तेलुगू अक्षर काढत होते आणि मास्तर त्यांच्या कारकुनी हाताला नावं ठेवत होते.

"गोल काढा, गोल," मास्तर म्हणत होते. "ये क्या, बाण मारला का?"

"अरे, निजामाच्या राज्यात उर्दू लिहून लिहून हात तसाच झाला," दादाराव म्हणत होते. "आता या वयात गोल कुठून आनू?"

पुढं मी बऱ्याच गिरण्या, जिनिंगा पाहिल्या. कुठंही नवं इंजिन बसवायचं म्हटलं की मी आधी जुन्याचा वेग विचारतो, मग आजूबाजूची घरं फिरून येतो. लोकांना वाटतं मी जागा विकत घ्यायला आलोय. आणि कुणी मला सांगितलं की अमका माणूस मुद्दाम आवाज करतो, तर मी आधी त्या माणसाला घराबाहेर बसवून बघतो. बहुतेक वेळा आवाज होतच राहतो.

दादाराव आणि मास्तर नंतरही भांडले. मास्तरांनी शेळी घेतली आणि तिनं तुळस खाल्ली. चांगलंच भांडले. पण शेळी सगळ्यांना दिसत होती, त्यामुळे इंजिनिअरला कुणी बोलावलं नाही.